गजभिये सिस्टरचं दुखणं

गजभिये सिस्टर दारावरून गेली, की ओट्यावर बसलेली माणसं पाय आवरून घेत. बायका लुगड्याचा काठ घोट्यावर ओढत, म्हातारे धोतराखाली पाय दडवत, आणि एका ओट्यावर तर सुनेनं घाईघाईनं सासूच्या पायांवर सूप ठेवलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. सिस्टरनं पाय पाहिले की माणूस मरतो, असं आमच्या वस्तीचं ठाम मत होतं. मी मराठी शाळेत मास्तरीण. दिवसभर पोरांना शिकवायचं आणि घरी येऊन शेजारणींचं हे शहाणपण ऐकायचं. डोकं फिरायचं माझं. पण वस्तीला माझ्या डोक्याची काही पडलेली नव्हती.

सिस्टरचं नाव आनंदी. मूळची तिरोड्याकडची, नागपुरात नर्सिंग शिकलेली. छप्पन साली राज्यांची फेरवाटणी झाली, नागपूर मुंबई राज्यात गेलं, आमचं बालाघाट मध्यप्रदेशात राहिलं. त्याच साली तिच्या घरच्यांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली होती, आणि पुढच्या वर्षी ती इथल्या दवाखान्यात नोकरीला आली. आई-वडील नंतर गेले. भाऊ भिलाईच्या कारखान्यात लागला आणि तिकडचाच झाला. लग्न तिनं केलं नाही. का केलं नाही, हे मी कधी विचारलं नाही. मी विधवा, मला असले प्रश्न विचारलेले खपत नसत, तेव्हा मीही विचारत नसे. आमच्या ओळीतली शेवटची, विहिरीकडची खोली तिची आणि तिच्यासमोरची माझी.

खरं म्हणजे आम्हा दोघींचं मेतकूट जमायला हवं होतं. दोघी एकट्या, दोघी कमावत्या. पण दोघी फटकळही होतो, आणि दोन फटकळ बायका एका ओट्यावर फार वेळ टिकत नाहीत. येता-जाता चार शब्द, सणाला एक वाटी इकडून तिकडं, एवढंच आमचं.

दवाखान्यात तिच्याकडं हृदयाचे रोगी असायचे. माझा दीर परसवाड्याहून येऊन तिथं महिनाभर पडला होता, म्हणून मी तिचं काम जवळून पाहिलं. तिचा एकच हेका होता: रोग्यावर मागायची वेळ येऊ द्यायची नाही. "हाक मारायले बी दम लागते बाई," ती मला म्हणाली होती, "तो दम त्याच्या छातीले लागू दे. मी कायले हाय मंग?" माणसाला तहान लागायच्या आधी पाण्याचा लोटा त्याच्या हाताशी असे, आणि तोही त्याला वळावं लागणार नाही त्या अंगाला. आडवं झालं की ज्यांना श्वास पुरत नाही त्यांच्या पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा, पाठीशी धानाच्या तणसानं भरलेले मोठे लोड. पोट साफ होताना जोर करावा लागू नये म्हणून इसबगोल आदल्या दिवशीच. मानेवरची शीर फुगली की रात्रीसाठी डॉक्टरांना संध्याकाळीच सांगून ठेवायची. भेटायला आलेल्या नातेवाइकांच्या पिशव्या तर ती पोलिसासारखी तपासायची. त्यातून पापड निघत, लोणचं निघे, सुकट निघे, आणि मग ज्यानं ते आणलं त्याची काही खैर नसे. "हे खारं त्याले चारून तुम्ही गावाले जाल. पाणी त्याच्या छातीत भरन, तवा मी उपसू का?"

माझा दीर बरा होऊन गेला. पण त्या महिन्यात एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. शेजारच्या वॉर्डात दिवसभर "सिस्टर, ओ सिस्टर" असा पुकारा चाललेला असे, आणि तिच्या वॉर्डात तिला कोणीच हाक मारत नसे. मारायची गरजच ती ठेवत नव्हती. लोक बरे होऊन घरी जात, डॉक्टरसाहेबांच्या पाया पडत, आणि हिला काय म्हणावं ते त्यांना सुचत नसे, कारण हिनं नेमकं काय केलं ते त्यांना सांगताच आलं नसतं. तिला त्याचं वाईट वाटायचं का? वाटायचंच. एकदा ती मला बोलून गेली, "माह्यं नाव बी कोणाले ठाऊक नाही बाई, दवाखान्यातल्या खाटेले जसं नाव नाही, तसं."

आता ते पायांचं कसं झालं, ते सांगते. आमच्याच ओळीतल्या भैयालालच्या मुलीचं लग्न होतं. सिस्टरनं त्याच्या बापाची सेवा केली होती म्हणून तिला आमंत्रण. मांडवात तिला खुर्ची दिली. खुर्ची म्हणजे मान, आणि खुर्ची म्हणजे पंगतीपासून लांब. बौद्धांच्या मुलीला मान द्यायची ही रीत सगळ्यांना सोयीची होती. पाय पखारायचा कार्यक्रम आला. आमच्याकडं नवरा-नवरीचे पाय परातीत धुतात आणि मग मानाच्या वडीलधाऱ्यांचेही धुतात. नवरीचे मामा डोमाजी किरनापुराहून आलेले. त्यांचे पाय परातीत आले. पोरीनं बोटांनी पाय चोळले, आणि सुजेवर जिथं बोटं पडली तिथं खड्डे राहिले. आनंदी खुर्चीवरून उठली, सरळ परातीपाशी गेली आणि भर मांडवात म्हणाली, "मामा, उद्याच्या उद्या दवाखान्यात या. हे पाय चांगले नाहीत."

मानाचे पाय चांगले नाहीत! आणि म्हणतंय कोण? डोमाजींच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ते दवाखान्यात गेले नाहीत, गावाला परत गेले, आणि धान कापायच्या दिवसांत बांधावर बसल्या-बसल्या गेले. झालं. आनंदीनं होणारी गोष्ट पाहिली होती. लोकांनी ठरवलं की तिनं पाहिली म्हणून ती झाली. मी भांडले लोकांशी. म्हटलं, अरे, ती सांगत होती तेव्हा ऐकलं असतं तर माणूस वाचला असता की! भैयालालची बायको मला म्हणाली, "मास्तरीणबाई, तुमचे पाय नाही नं पाह्यले तिनं, मंग तुम्हाले काय?" त्यानंतर तिला बोलावणी बंद झाली. तिला घरात न बोलावायला लोकांकडं जुनं एक कारण होतंच, ते उघड सांगायची आता थोडी लाज वाटायला लागली होती. हे नवं कारण मिळाल्यावर सगळ्यांचीच सोय झाली.

आनंदीनं मग वस्तीत वावरताना मान वर ठेवायला सुरुवात केली. कोणाशी बोलायचं तर त्याच्या कपाळाकडं पाहून. लोकांना वाटलं, शिष्ट झाली.

अशात मैनाबाई आली. तिचा नवरा प्रेमलाल यानं शेतीतला वाटा भावाला देऊन आमच्या ओळीच्या टोकाला मुरमुऱ्यांची भट्टी टाकली. प्रेमलाल दिवसाकाठी मोजके शब्द बोलणारा, आणि मैनाबाईला तोंड मिटून बसणं म्हणजे शिक्षा. एकुलती मुलगी लालबर्र्याला दिलेली. भट्टीच्या धगीनं जीव उबला की संध्याकाळी ती वारा खायला बाहेर पडे, आणि वारा येत होता तो विहिरीकडच्या ओट्यावर, म्हणजे आनंदीच्या. एक दिवस ती टोपलीत मुरमुरे घेऊन तिथं जाऊन बसली. बायांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं, सिस्टरपासून पाय सांभाळ. ती म्हणाली, "माह्ये पाय भट्टीनं काळे झाले, ते कोण पाह्यते!"

पहिले काही महिने ती ओट्यावर बसे, पण आनंदीच्या घरचं पाणी घेत नसे. आनंदीनंही देऊ केलं नाही. एका उन्हाळ्यात मुरमुऱ्यातली मिरची झोंबली तशी मैनाबाई उठली, आत गेली, रांजणातून तांब्याभर पाणी घेऊन गटागटा प्यायली आणि बाहेर येऊन पुढचं बोलायला लागली. आनंदी त्या दिवशी किती खूश होती! मला मुद्दाम येऊन सांगितलं. त्यानंतर दोघींचं असं सूत जमलं की मला समोरच्या खोलीत बसून कधी हसू यायचं, कधी हेवा वाटायचा. मैनाबाई तिला "आनंदी" म्हणायची, तिच्या वेणीला नावं ठेवायची, दवाखान्यातल्या डॉक्टरांच्या नकला करायला लावायची. आनंदी गजभियेला नकला येतात, हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं.

आणि आनंदीनं मनाशी एक ठरवलं होतं, ते तिनं मला नंतर सांगितलं. मैनाचे पाय पाहायचे नाहीत. सगळ्या गावात एक माणूस असं असू दे, की ज्याच्याकडं मी नर्स म्हणून बघणार नाही. तीन पावसाळे तिनं ते पाळलंही.

पण डोळ्यांची सवय कशी जाणार? एका संध्याकाळी मैनाबाई लुगडं सावरत ओट्यावर टेकली आणि तिच्या पोटरीवरचं गोंदण दिसलं. लहानपणी गोंदवलेला विंचू आणि त्याच्याभोवती ठिपक्यांची ओळ. ठिपके एकमेकांपासून लांब गेले होते, विंचू जाड झाला होता. मोज्याच्या काठासारखी पायातल्या तोडीची खूण घोट्यात रुतलेली. आनंदीनं मान वर केली तर मानेवरची शीर उडताना दिसली. मग तिला आधी न दिसलेलं सगळं एकदम दिसलं: विहिरीपासून येताना मैना मध्येच थांबते, बोलता-बोलता वाक्य तोडते, आणि विचारलं की म्हणते भट्टीचा धूर लागते.

आता करायचं काय? सांगितलं, तर डोमाजींचं नाव निघणार, मैनाबाई भिणार आणि ओटा रिकामा होणार. आणि नुसता ओटा रिकामा होऊन भागणार नव्हतं. भ्यालेलं माणूस दवाखान्यात येत नाही, घरात दडून बसतं, हे आनंदीनं पाहिलं होतं. न सांगावं, तर मैनाबाई हातची जाणार. तिनं मला हे त्या वेळी सांगितलं असतं तर मी तिला दोन्ही खांदे धरून हलवलं असतं आणि म्हटलं असतं, सांगून मोकळी हो. पण ती विचारायला येणारी बाई नव्हती. तिनं आपल्या पद्धतीनं मार्ग काढला. रोग्याला कळायच्या आत त्याची सोय करायची, ही तिची जन्माची सवय. तिनं जाहीर केलं की तिलाच हृदयाचं दुखणं झालंय.

"मैना, मले डॉक्टरकडं एकटीले जायचं भेव वाटते. तू चाल नं संगं," असं म्हणून तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरसाहेब जबलपूरकडचे, तरुण, बरे होते. आधीच ठरल्याप्रमाणे त्यांनी आनंदीची छाती तपासल्यासारखं केलं आणि लगे हाथ मैनाबाईचीही तपासली. लहानपणी सांधे धरून ताप आला होता का, असं विचारलं. आला होता. झडप आकसली होती. मैनाबाई बाहेर गेल्यावर ते आनंदीला हिंदीत म्हणाले, "सिस्टर, इसे बता दीजिए. झूठ से इलाज नहीं चलता." ती हौ म्हणाली आणि सांगितलं नाही. ते डॉक्टर बरोबर होते. तेव्हाही आणि आजही मला असंच वाटतं.

मग सुरू झालं ते नाटक. सिस्टरला मीठ बंद, म्हणून मैनाबाईनं तिच्यासाठी बिनमिठाचे मुरमुरे वेगळे भाजायला घेतले. आणि मैत्रीण अळणी खाते तर आपण कसं खारं खायचं, म्हणून आपणही तेच खाऊ लागली. घरचं वरणही अळणी केलं. प्रेमलाल मुकाट्यानं वरून मीठ घ्यायला लागला. सिस्टरनं पाय उंच ठेवून बसायचं, तर मैनाबाईही शेजारी लोडावर पाय टाकून बसे. दोघींनी गोळ्या घ्यायच्या. मैनाबाईच्या हृदयाच्या आणि पाणी उतरवायच्या, आनंदीच्या कसल्या तरी पांढऱ्या चुन्याच्या. "ताकदीच्या हायेत, तू बी घे, भट्टीनं वाळली तू." पाणी उतरवणाऱ्या गोळीनं मैनाबाईला सारखं उठावं लागे, तेव्हा आनंदीलाही लागल्याचं सोंग करावं लागे, आणि दोघी एकामागून एक लोटा घेऊन जाताना पाहून पोरं खिदळत. हृदयाच्या गोळीआधी नाडी पाहायची असते. तर आनंदीनं मैनाबाईला नाडी पाहायला शिकवलं, म्हणजे आपल्यालाही तिची पाहता येईल. संध्याकाळी दोघी एकमेकींचं मनगट धरून बसलेल्या असत. आनंदी मनातल्या मनात ठोके मोजे. मैनाबाईला मोजायचं नसे, ती थोड्या वेळानं म्हणे, "चालू हाय माय," आणि हात सोडून देई.

वस्तीला सिस्टरच्या दुखण्याची बातमी लागली. स्वतःचीच नजर स्वतःच्या पायाला लागली, असं म्हणून बायका हसल्या. पण त्यांची भीतीही थोडी कमी झाली. जी स्वतःच जाणार, तिला काय भ्यायचं? भैयालालच्या बायकोनं एकदा अळणी जेवणाला चव यावी म्हणून चिंचेची कोवळी पानं पाठवली. मीही फसले होते. मी तिला दोन-तीनदा कढी नेऊन दिली, बिनमिठाची, आणि तिनं ती माझ्यादेखत प्यायली.

मैनाबाईची सूज उतरली. विंचू बारीक झाला. चेहऱ्यावर तरतरी आली, विहिरीपासून ती न थांबता येऊ लागली. आनंदीला वाटलं, जमलं. असंच आणखी काही वर्षं काढू.

त्याच सुमाराला एक दिवस आनंदी माझ्या दारात येऊन उभी राहिली. चेहरा असा, की मला वाटलं भावाकडून काही चांगली खबर आली. म्हणाली, "बाई, माह्या रांजण कोणी तरी भरून ठेवून राह्यलं." ती सकाळच्या ड्यूटीला गेली की मागं कोणी तरी विहिरीवरून पाणी आणून तिचा रांजण काठोकाठ भरत होतं, वरून फडकं बांधत होतं, आणि झाकणीवर पेला उपडा घालून ठेवत होतं. घराला कडी, कुलूप नव्हतं. मी म्हटलं, प्रेमलाल असेल. तो धान भिजवायला रोज कावडीनं पाणी नेतोच. तिलाही तसंच वाटत होतं, मैनानं त्याला सांगितलं असणार. "विचार की मग," मी म्हटलं. ती म्हणाली, "नाही विचारत. मी कवा कोणाले विचारू देल्लं का, की हे तुम्ही कसं केलं? न मांगता कोणी करते तं करू द्यावं." आणि मग मान खाली घालून म्हणाली, "माह्यासाठी असं कोणी केलंच नव्हतं बाई, आजवर." मी आतून गूळ आणून तिच्या हातावर ठेवला.

अडुसष्टच्या उन्हाळ्यात विहिरीचं पाणी तळाला गेलं. नळ आमच्या वस्तीत आले ते पुष्कळ नंतर. बादली वर यायला दोर संपता संपत नसे, आणि आम्ही बाया दोन-दोन जणी मिळून ओढायचो. माझी सकाळची शाळा, मी पहाटे निघालेली असायची. एका सकाळी शाळेतून येते तर ओळीत सामसूम, आणि भट्टी विझलेली. भैयालालच्या बायकोनं सांगितलं: मैनाबाई विहिरीवर पाणी ओढता-ओढता खाली बसली, तोंडाला तांबूस फेस आला, तिला खाटेवर घालून दवाखान्यात नेलंय.

आनंदी ड्यूटीवरच होती. खाट दारातून आत आली तेव्हा तिनं कोण आहे तेही विचारलं नाही म्हणे, आधी उठवून बसवली, पाय खाली सोडले, ऑक्सिजनची नळी लावली, आणि इंजेक्शन भरून हातात धरलं तोवर डॉक्टर पोचले. मैनाबाई त्या दिवशी वाचली. पण छाती थकली होती, आणि डॉक्टरसाहेबांनी प्रेमलालला बाहेर नेऊन काय ते सांगितलं.

चौथ्या की पाचव्या दिवशी दुपारी मी तांदळाची पेज घेऊन गेले. मैनाबाई तणसाच्या लोडांना टेकून बसलेली, ओठ निळसर, पण डोळे तिचेच. प्रेमलाल पायाशी उभा. आनंदी तिच्या हाताशी लोटा सरकवत होती, तर मैनाबाईनं तिचा पदर धरला.

"बस नं. उभी काहून राहतं? तुले दम लागन."

आनंदी म्हणाली, "मले नाही लागत."

"लागते. मले माहीत हाय." मग नवऱ्याकडं हात करून, थांबत-थांबत, एकेक शब्द गोळा करत ती बोलली, "ह्यायले सांगतलं मी. आता तुया रांजण हे भरतीन. पर ह्यायले उशीर होते. तू येण्याच्या आधी भरला पाह्यजे. आल्या-आल्या तुले तहान लागते."

आनंदीचा हात लोट्यावर तसाच राहिला. तिनं प्रेमलालकडं पाहिलं. प्रेमलाल खाली पाहत म्हणाला, "मी नाही भरलो सिस्टरबाई. थेच भरे. मले हात लावू देत नव्हती. म्हणे, तिच्या छातीले जोर नाही झेपत, पाणी ओढलं तं मरन."

मला पेजेचा डबा कुठं ठेवावा ते कळेना. आनंदी पलंगावर बसली, रोग्याच्या पलंगावर, जे ती कोणाला करू देत नसे, आणि म्हणाली, "मैना, मले काहीच नाही झालं. मी खोटं बोलली. दुखणं तुलेच होतं. पहिल्यापासून तुलेच होतं."

मैनाबाईला ते कळायला वेळ लागला. तिनं आधी नवऱ्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि मग पुन्हा आनंदीकडं.

"म्हणजे तुले काहीच नाही?"

"नाही."

"छाती चांगली हाय?"

"हौ."

ती रागावेल, रडेल, तोंड फिरवेल, असं मला वाटलं होतं. मैनाबाई हसली. हसण्यानं तिला खोकला आला, आनंदीनं तिची पाठ धरली, आणि खोकला बसल्यावर ती आनंदीच्या खांद्याला टेकून म्हणाली, "बरं झालं माय. मी तं रोज देवाले म्हणे, इले आधी नको नेऊ. तू गेली असती तं मी कोणापाशी बसली असती?"

त्या आठवड्यातच ती गेली.

नंतर जे झालं ते लिहायलाही मला चीड येते, पण लिहिते. प्रेमलाल भट्टी मोडून मुलीकडं लालबर्र्याला निघून गेला. वस्तीला एवढंच ठाऊक होतं, की सिस्टरला हृदयाचं दुखणं होतं, मैनाबाईला काही नव्हतं. आणि आता मैनाबाई त्याच दुखण्यानं गेली आणि सिस्टर ठणठणीत हिंडतेय. त्यांनी हिशेब जुळवला. सिस्टरनं आपलं दुखणं मैनाबाईवर उतरवलं. उगाच नाही रोज मनगटं धरून बसत होत्या! पाय लपवण्यावर आता भागेना, बायका तिची सावली चुकवायला लागल्या. मी विहिरीवर उभी राहून सगळ्यांना खरं काय ते ओरडून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, बादल्या भरल्या आणि गेल्या.

मी तणतणत आनंदीकडं गेले. संध्याकाळची वेळ होती. ती नुकतीच ड्यूटीवरून आली होती आणि स्वतः भरून आणलेली घागर रांजणात ओतत होती.

"ऐकलंस काय बोलतात ते?" मी म्हटलं.

"ऐकलं."

"मग? त्यांना चार शब्द सुनवायचे सोडून गप्प बसलीस?"

तिनं घागर खाली ठेवली, हात पुसले. "खोटं काय हाय बाई त्यात? उतरवलंच नं मी. माह्या दुखण्याचं पाणी तिनं ओढलं."

मी पुष्कळ समजावलं. म्हटलं, तुझ्या गोळ्यांनी तिला चांगले दिवस मिळाले, नाही तर ती आधीच गेली असती. म्हटलं, झडप आकसलेलीच होती, डॉक्टर म्हणाले ते आठव. तिला खरं सांगून टाका, असंही डॉक्टर म्हणाले होते, ते आम्हा दोघींनाही आठवत होतं, म्हणून मी पुढं बोलले नाही. मी जायला वळले. तोवर ती ओट्यावर येऊन बसली होती. विहिरीकडून वारा येत होता. ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "बाई, काम नसन तं बसता का थोडा वेळ?"

तिला कोणाकडं काही मागताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मला वह्या तपासायच्या होत्या, चूल पेटवायची होती. मी बसले. दिवे लागेपर्यंत आम्ही तशाच बसून राहिलो, मग मी उठून स्वयंपाकाला गेले.